पाणीगेट ते न्यायमंदिर: लेकीच्या लग्नाची परवानगी

आधी पगडी चढवा. उन्हाळा आहे, कानशिलावरून घाम ओघळतोय, तरी चढवाच. बोडक्या डोक्याने घराबाहेर पडलात तर समोरून येणारा पहिलाच माणूस विचारेल, ‘कोण गेलं?’ आणि तुमच्या घरी तर लग्न आहे. अंगरख्याचे बंद बांधा, उपरणं खांद्यावर टाका, जोड्यात पाय घाला. जोडा नवा आहे, टाच चावणार. मांडवात मिरवण्यासाठी घेतलेला जोडा आधी कोर्टाची पायरी चढणार, त्याला इलाज नाही.

एरवी तुम्ही कोणीही असा, बाई असा की बुवा, लग्न झालेले असा की नसा. बडोद्याच्या पाणीगेटाच्या कमानीखालून आत आलात की तुम्ही पस्तिशीतले गृहस्थ, गायकवाड सरकारच्या हिशेबखात्यातले कारकून, आणि एका मुलीचे वडील. साल १९०५ च्या आसपासचं. वैशाखाचे दिवस. मुलीच्या लग्नाची तिथी बारा दिवसांवर आली आहे आणि सरकारी परवानगीचा कागद अजून हातात नाही.

कसली परवानगी, असं विचारू नका. वाड्यात गेले दोन महिने दुसरा विषय नाही. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बाललग्न प्रतिबंधक निबंध काढला आहे. इथे कायद्याला निबंधच म्हणतात. मुलगी बारा वर्षं पूर्ण आणि मुलगा सोळा वर्षं पूर्ण, त्याआधी लग्न लावायचं नाही. लावायचंच असेल तर मुन्सफाकडे अर्ज करायचा, त्याच्या शेजारी बसलेल्या तीन पंचांसमोर कारण सांगायचं आणि परवानगी घ्यायची. पंच बहुधा तुमच्याच जातीतले. परवानगीवाचून लग्न लावलंत तर १०० रुपयांपर्यंत दंड. तुमचा पगार ३० रुपये आहे. आणि तुमची मुलगी अकरा वर्षं दोन महिन्यांची.

वाड्यात पहाटेपासून चूल पेटलेली आहे. बेसन भाजल्याचा खमंग वास माडीपर्यंत चढलाय. जिन्यावरून खाली या. चौकात मांडवासाठी आणून टाकलेले हिरवे बांबू आहेत, त्यांचा ओलसर वास येतोय. जात्यावर हळद दळली जाते आहे, तिची पिवळी पूड उन्हाच्या तिरपेत तरंगते आणि तुमच्या नाकात शिरते. शिंका. मोकळेपणाने शिंका, पण तुमच्या आईच्या डोळ्यांना डोळा देऊ नका. कामाला निघताना शिंक म्हणजे अपशकुन. ती आता तुम्हाला परत पाटावर बसवणार, हातावर गूळ ठेवणार आणि मगच सोडणार.

गल्लीच्या तोंडाशी नळावर घागरींची भांडणं चालू आहेत. आजव्याच्या तलावाचं पाणी शहरात खेळायला लागून बारा-तेरा वर्षं झाली, तरी देवपूजेला नळाचं पाणी तुमच्या आईला चालत नाही. विहिरीवरचाच कलश लागतो. निबंधाबद्दलही तिचं मत ठाम आहे. “माझं लग्न झालं तेव्हा माझे दुधाचे दात पडायचे होते. तेव्हा कुणी मुन्सफाला विचारलं होतं?” असं ती सोप्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. तिच्या पलीकडे, भिंतीला टेकून, तुमची थोरली बहीण तांदूळ निवडते आहे. मुलांची ती आत्याबाई. तिच्या अंगावर आलवण आहे. सातव्या वर्षी लग्न झालं, नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. नवऱ्याचा चेहरा तिला आठवत नाही. ती काही बोलत नाही, खडे तेवढे बाजूला काढते.

“अहो, मुलीची पत्रिका घेतलीत ना?” बायको स्वयंपाकघराच्या दारातून विचारते. “आणि शाळेचा दाखला? नि व्याह्यांचं पत्र?”

घेतलंय. सगळं उपरण्याच्या गाठीत आहे.

आणि जिच्यासाठी हे सगळं, ती? सोप्याच्या कोपऱ्यात सागरगोटे खेळते आहे. जरा थांबून तिचा हात बघा. एक सागरगोटा वर उडतो, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे चार एका झडपेत मुठीत येतात आणि त्याच मुठीत वरचाही झेलला जातो. नखांत मेंदी नाही, पाटीवरच्या पेन्सिलीची भुकटी आहे. शाळेतून नाव काढून पंधरा दिवस झाले, तरी ती निघालेली नाही. “अण्णा, येताना बांगड्या आणाल? हिरव्या?” खेळ न थांबवता ती विचारते. आणतो म्हणा आणि निघा.

बाहेर पडल्यावर एकदा मागे वळून पाणीगेट बघून घ्या. कोटाच्या पूर्वेचा हा दरवाजा. या घटकेला कमानीत माणूस माणसाला चिकटलेला आहे. आतून बाहेर जाणाऱ्या म्हशी आणि बाहेरून आत येणाऱ्या सरपणाच्या गाड्या बरोबर कमानीखालीच समोरासमोर आल्या आहेत. कोणीही मागे सरायला तयार नाही. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, गाडीवानांच्या शिव्या, आंब्याच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायकांचा ‘खसो, खसो’ असा ओरडा. एका गाडीत संखेड्याचे लाखकामाचे पाळणे आहेत, लाल आणि सोनेरी, उन्हात डोळे दिपवणारे. लग्नसराईत त्यांना मोठा खप. पखालजी कातडी पखालीतून रस्त्यावर पाणी शिंपडत गेला की तापलेल्या धुळीचा वास येतो, क्षणभर बरं वाटतं आणि लगेच पायाखाली चिखल होतो. नवा जोडा सांभाळा.

शेजारचे मामा ओट्यावर दात घासत बसले आहेत. ते तुम्हाला फुकटचा सल्ला देणारच. “कशाला कोर्टाचं दार? व्याही पुण्याचे ना? मग तिकडेच लावा लग्न. इंग्रजी मुलखात वयाची अट कुठाय?” अट खरोखरच नाही. ब्रिटिश मुलखात मुलींच्या लग्नाचं वय कायद्याने ठरायला अजून वीस-पंचवीस वर्षं जायची आहेत. पण तुमच्या घरात तीन पिढ्या गायकवाडांचं मीठ खाल्लेलं आहे. सरकारचा निबंध चुकवून सरकारच्याच पगारावर जगायचं, हे तुम्हाला पटत नाही. मामांना नमस्कार करा आणि चालू लागा.

मांडवीपर्यंत रस्ता सरळ पश्चिमेला जातो आणि ऊन पाठीवर येतं. दोन्ही बाजूंना दुकानं उघडताहेत. गाठियांची पहिली कढई चढली आहे, ओव्याचा आणि उकळत्या तेलाचा वास दूरवर येतो आणि तुम्हाला आठवतं की गुळाच्या खड्याखेरीज पोटात काही नाही. सोनाराच्या हातोडीची बारीक टकटक, कापडवाल्याने झटकलेल्या थानाचा फटकारा, कासाराच्या दुकानापुढे बायकांची झुंबड. चारी दरवाजांचे रस्ते मांडवीच्या चौकात येऊन मिळतात: पूर्वेचं पाणीगेट, पश्चिमेचं लहरीपुरा, उत्तरेचं चांपानेर, दक्षिणेचं गेंडीगेट. त्यामुळे इथे चालायचं नसतं, गर्दी ढकलेल तिकडे जायचं असतं. विठ्ठलमंदिराशी दोन क्षण उभे राहा, हात जोडा. काय मागताय ते मात्र नीट ठरवा. परवानगी मिळावी असं मागताय, की पोर सुखी राहावी असं? आज सकाळपर्यंत तुम्हाला या दोन्ही गोष्टी एकच वाटत होत्या.

लहरीपुरा दरवाज्यातून बाहेर पडलं की समोर न्यायमंदिर. मान वर करा, पगडी धरून. ही इमारत बांधायला घेतली होती भाजीबाजारासाठी. पण उभी राहिल्यावर इतकी देखणी दिसली की तिथे भाज्या विकायचं मागे पडलं आणि न्यायालय आलं. आत मोठं उंच दालन आहे, पायांना गार लागणारी फरशी आहे. पण तिथवर जायला अवकाश आहे. तुमचं काम आधी बाहेर, अर्जनवीसांच्या रांगेत.

अर्जनवीस लाकडी पेटी मांडीशी घेऊन बसलाय. कोर्टाची भाषा गुजराती. तुमच्या घरात, खात्यात, बाजारात दोन्ही भाषा सारख्याच चालतात, त्यामुळे अडचण काही नाही. नाव, जात, राहणार पाणीगेट, मुलीचं वय, हे सगळं तो भराभर लिहितो. मग टाक दौतीत बुडवून थांबतो. “कारण शुं लखुं, साहेब?”

इथे खरी मेख आहे. हौस हे कारण चालत नाही. जातीत चर्चा होते हेही चालत नाही. निबंधात कारणं ठरवून दिली आहेत आणि अर्जनवीसाला ती तोंडपाठ आहेत. लग्न आत्ता झालं नाही तर पुढे होणारच नाही, किंवा मुलगी वयात बसल्यावरही वर्षभरात होण्यासारखं नाही, हे एक. आईबाप म्हातारे वा आजारी आहेत, मुलगी बारा वर्षांची होईतो जगतील असं दिसत नाही आणि मागे पाहणारं दुसरं कोणी नाही, हे दुसरं. किंवा तशीच टाळता न येणारी एखादी अडचण. “खोकला आहे का तुम्हाला?” अर्जनवीस आता मराठीवर येतो, तोही आवाज खाली आणून. “नसला तर आतमध्ये थोडा येऊ द्या.”

रांगेत तुमच्या पुढे एक कडवा कणबी शेतकरी आहे. मुंडाशाला घामाचे पांढरे डाग. त्याची गोष्ट ऐकून घ्या, कारण तुमच्या अडचणीचं माप तिच्यामुळे कळेल. कडव्यांत लग्नाचं साल दरवर्षी निघत नाही. नऊ-दहा-अकरा वर्षांनी एकदा उंझ्याच्या उमियामातेच्या देवळातून तिथी निघते आणि त्याच दिवशी अख्ख्या जातीत लग्नं लागतात. ती चुकली की पुढची दहा वर्षांनी. म्हणून पाळण्यातली मुलंसुद्धा बोहल्यावर चढवतात. वर नाहीच मिळाला तर मुलीचं लग्न फुलांच्या गुच्छाशी लावायचं, मग तो गुच्छ विहिरीत टाकायचा. म्हणजे मुलगी झाली विधवा, आणि विधवेचा नातरा, म्हणजे दुसरं लग्न, कधीही होऊ शकतो. हे सगळं तो तुम्हाला पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगतो. निबंध करताना सरकारला या चालीची वेगळी सोय ठेवावी लागली होती. त्याला आज परवानगी मिळेल असं त्याला वाटतं. मिळेलही. बहुतेकांना मिळते.

दुपार चढते. पट्टेवाला एकामागून एक नावं पुकारतो. माठाभोवती माणसं उभी आहेत, पण प्यायचं तर कोणी ओतलं, कोणी शिवलं हे आधी बघायचं. तुम्ही तहान मारता. टाच सोलून निघाली आहे. पगडीखाली डोकं भणभणतंय. आणि मग तुमचं नाव येतं, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने.

आत खोली लहान. छताला झालरीचा पंखा, तो ओढणारा पोरगा दाराबाहेर बसलाय. पेंगला की पंखा थांबतो, आणि खोलीतला शाई, घाम आणि जुन्या कागदांचा वास एकदम अंगावर येतो. समोर मुन्सफ. त्यांच्या बाजूला तीन पंच. तिघेही ओळखीचे. एक तर तुमच्या मुंजीत जेवून गेलेले.

“मुलगी किती वर्षांची?”

साधा प्रश्न आहे. पण जरा विचार करा, असं सरळ आकड्यात हे कधी कोणी विचारलंय तुम्हाला? घरात म्हणतात ‘उंच झाली’. जातीत म्हणतात ‘आता किती दिवस ठेवणार’. वय आठ आहे की अकरा, हे पत्रिका जुळवताना गुरुजी बघतात आणि पत्रिका मिटली की ते वय तिच्यातच राहतं. इथे मात्र चार पुरुषांसमोर, सरकारच्या कागदावर उतरेल अशा आवाजात तो आकडा तुम्हाला उच्चारायचा आहे. घसा कोरडा पडतो. खोकला खरंच येतो.

“अकरा. वर दोन महिने.”

मुन्सफ पत्रिका पाहतात, शाळेचा दाखला पाहतात. दोन्ही जुळतात. “शाळेत किती शिकली?” “तिसरी, साहेब.” “बरी होती?” होती, म्हणा. गणितात पहिली आली होती हे सांगायचा मोह होतो, पण त्याचा इथे काय संबंध असं वाटून तुम्ही गप्प बसता. मला विचाराल तर सांगायला हवं होतं.

“वरपक्ष थांबायला तयार नाही, असं अर्जात आहे. त्यांचं पत्र?”

गाठ सोडा, पत्र द्या. व्याह्यांचं अक्षर सुरेख आहे. मुन्सफ शांतपणे वाचतात. मुलगा सतरा वर्षांचा, मॅट्रिकला बसणार, देण्याघेण्याचं ठरलं आहे, मानपान यथास्थित. आणि शेवटी, पत्राच्या रीतीप्रमाणे, व्याह्यांनी सौजन्याने लिहिलंय: आपल्या सोयीने करावे, आम्हांस घाई नाही.

मुन्सफांचं बोट त्या ओळीवर थांबतं. ते पत्र पंचांकडे सरकवतात. तिघे वाचतात. मुंजीत जेवलेले गृहस्थ तुमच्याकडे न बघता उपरण्याने मान पुसतात. पंखा थांबलाय. बाहेर कोणीतरी पोराला हाक मारतं, पंखा पुन्हा हलतो.

परवानगी नाही. दहा महिन्यांनी मुलगी बारा पूर्ण करेल. मग अर्जाची गरजच उरत नाही.

तुम्ही पायऱ्या उतरता तेव्हा ऊन डोळ्यांत घुसतं. आधी राग येतो: मुन्सफाचा, व्याह्यांच्या गोड लिहिण्याचा, महाराजांच्या निबंधाचा. जवळच्या सुरसागर तळ्याच्या काठाला जरा सावलीत बसा. पाण्यावरून येणारा वारासुद्धा गरमच आहे, पण वारा आहे. हिशेब करा, तुमचा तो धंदाच आहे. दंड भरून लग्न लावता येईल. दंड झाला तरी लग्न मोडत नाही, लागलेलं लग्न लागलेलंच राहतं. शहरात कितीतरी जण तसंच करतात. वाजंत्रीचा खर्च, आचाऱ्याचा खर्च, तसा हा दंडाचा खर्च, एका ओळीत मांडतात. १०० रुपये म्हणजे तुमचे तीन महिन्यांहून जास्त पगार. व्याह्यांकडून उसने मागता येणार नाहीत. सावकार देईल.

किंवा दहा महिने थांबायचं.

घरी पोचेपर्यंत बातमी तुमच्या आधी पोचलेली आहे, पाणीगेटात नेहमी तसंच होतं. आई देवापुढे बसून राहिली आहे, तुमच्याशी बोलत नाही. बायको बेसनाच्या डब्यांकडे बघते आणि म्हणते, “आता एवढ्या लाडवांचं काय करू?” हळदीचं जातं थांबलंय. मुलगी सगळ्यांत आधी तुमचे हात बघते, हातांत बांगड्या नाहीत. मग तिला कळतं की लग्न नाही, म्हणजे ते हिरवं लुगडंही नाही, वाक्याही नाहीत, आणि ती मोठ्याने रडायला लागते. तिच्या दृष्टीने या दिवसात हरवलं ते एवढंच. तिला समजावायला जाऊ नका, घटकाभरात ती पुन्हा सागरगोट्यांना लागेल.

तांदूळ निवडणारी तुमची बहीण तेवढी एक प्रश्न विचारते. “मग उद्यापासून शाळेत जाईल का ती?”

उत्तर तुम्ही द्यायचंय. तिथे तुम्हाला सोडून मी बाजूला होतो.

मला एवढंच म्हणायचं आहे की तुमच्यासारखं नाकारलं जाणं विरळा होतं. बहुतेक अर्ज मंजूर होत, आणि न मिळालेल्यांपैकी पुष्कळ जण दंड भरून मोकळे होत. म्हणून हा कायदा निव्वळ कागदावरचा होता असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. एका बापाला भर उन्हात घराबाहेर काढून, त्याच्याच जातीच्या माणसांसमोर उभं करून, ‘मुलगी किती वर्षांची?’ असा प्रश्न विचारायला लावणं हे मोठं काम होतं. हैदराबादपासून काश्मीरपर्यंतच्या मोठमोठ्या संस्थानांच्या यादीत ते करणारी फारच थोडी. म्हैसूरने १८९४ मध्ये असा कायदा केला होता, पण मुख्यतः आठ वर्षांखालच्या मुलींपुरता. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा आला तो १९२९ साली, तेव्हा मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ वर्षं ठरली. आज १८ आणि २१ आहेत आणि तरीही बालविवाहाच्या तक्रारी येतच असतात. म्हणून तो प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

आता एक विनंती. तुमचं आजोळ किंवा सासर बडोद्याचं असेल, पाणीगेट, वाडी, रावपुरा, दांडिया बाजार कुठलंही, तर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक एकदा उघडा. पत्रिका, देण्याघेण्याच्या याद्या, व्याह्यांची पत्रं यांच्यात गुजराती लिपीतला एखादा कोर्टाचा कागद सापडेल, कदाचित तुमच्या पणजीच्या नावाचा. वाचता आला नाही तरी रद्दीत घालू नका. बडोद्यात अजून जुनी गुजराती आणि मोडी वाचणारी माणसं आहेत, त्यांना दाखवा, आणि त्यावर पणजीचं वय काय लिहिलंय ते आधी विचारून घ्या.